लिफ्ट केलेल्या जुन्या थारला टायर कोणत्या मापाचे? २३५ काढून २४५, २६५ की थेट २८५?

चाकोरीबाहेर | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय आणि माझं टायरचं गणित काही सुटेना, म्हणून धागा काढतोय.

मार्चमध्ये जुनी थार घेतली. २०१४ ची सीआरडीई, फोर बाय फोर. आधीच्या मालकानं ती उचलून ठेवलेली आहे: मागं पाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी), पुढं टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या सळ्या, आवळलेले. टायर मात्र कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६, तेही आता गुळगुळीत. उंच गाडी आणि बारकी चाकं बघून आमचे वडील म्हणतात, "पोरगं वाढलं आणि विजार तेवढीच राहिली."

वापर असा: रोज घर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सगळा डांबरी. महिन्यातून दोनदा मामाच्या शेतावर, गगनबावडा रस्त्याला साळवण सोडलं की आत. शेवटचे तीन किलोमीटर पाणंद. उसाच्या ट्रॅक्टरनी तिथं अशा चाकोऱ्या पाडल्यात की मधला उंचवटा पोटाला लागतो. गेल्या खेपेला मागच्या डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा डबा, मातीत रेघ ओढत आला.

तीन टायरवाल्यांकडं फिरलो. पहिला म्हणाला २८५/७५ आर १६, "लिफ्ट आहे म्हटल्यावर बसतंयच की." दुसरा म्हणाला २६५/७५. तिसरा म्हणाला आहे तेच माप ठेवा. चहा तिघांनीही पाजला. आता तुम्ही सांगा.

फडावरचा | रविवार, रात्री ९.५२

२८५. विषय कट. गाडी गल्लीतनं गेली की माणसं वळून बघाय पाहिजेत. नाद खुळा!

पाटाकमान | रविवार, रात्री १०.३०

@फडावरचा, माणसं वळून बघतील रं, पण गाडी वळणार न्हाई त्याचं काय?

चाकोरीबाहेर, आधी एक सांग भावा, लिफ्टनं तुझं नेमकं काय उचललंय? बॉडी आणि चॅसी. मागचा हौसिंग, ज्यात तो गोळा असतोय, हाय तिथंच हाय, कारण तो चाकाला बांधलेला. पाट्याखाली चार इंच शॅकल लाव न्हाईतर फूटभर लाव, मागचा गोळा एक सूतसुद्धा वर येत न्हाई. तो उचलायचा तर टायर मोठा करणं हा एकच रस्ता. तेबी टायर जेवढा वाढला त्याच्या निम्माच गोळा वर जातो, कारण वाढलेला निम्मा भाग एक्सलच्या वर असतोय.

म्हणजे तुला जे लागतंय त्याला लिफ्टचा उपयोग शून्य. हे आधीच्या मालकाला कुणी सांगितलेलं दिसत न्हाई.

आमच्या बापानं वडापला जीप चालवली, जुन्या जीपला ६.००-१६ चं टायर यायचं. अरुंद, उंच, सायकलीगत. चौदा माणसं आत, चार टपावर, आणि पावसाळ्यात पाणंदीतनं जायची. तवा लिफ्ट हा शब्द पण ठावं नव्हता.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी ७.१५

मी फिजिक्स शिकवते आणि जिम्नी चालवते, तेव्हा हिशोब माझ्याकडे.

टायरवरचं पहिलं माप रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरं म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत उंच आहे. आर म्हणजे रेडियल, शेवटचं माप डिस्कचं, इंचात. तुमचा टायर: २३५ चे ७० टक्के म्हणजे १६४.५. भिंत वरही आणि खालीही, म्हणून दुप्पट, ३२९. त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवा. एकूण उंची ७३५ मिमी.

याच रीतीनं २४५/७५ येतो ७७४, २६५/७५ येतो ८०४ आणि २८५/७५ येतो ८३४ मिमी. गोळा किती वर जाईल? फरकाच्या निम्मा: अनुक्रमे १९, ३४ आणि ४९ मिमी. नुसतं हे पाहिलं तर फडावरचा यांचंच बरोबर वाटेल.

आता किंमत बघा. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, पण मीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवत असेल तर खरा वेग मूळ हिशोबाच्या तुलनेत २४५ वर ८४, २६५ वर साडेसत्याऐंशी आणि २८५ वर जवळपास ९१. चाकाशी मिळणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो: २६५ ला साधारण साडेआठ टक्के, २८५ ला जवळपास बारा. तुमच्या इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन मीटर. घाटात चौथ्यात चढणारी गाडी तिसरा मागायला लागेल.

आणखी एक गंमत. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे मोठे टायर घातल्यावर "ॲव्हरेज पडलं" म्हणून ओरडणाऱ्यांचं निम्मं ॲव्हरेज कागदावरच पडलेलं असतं.

फडावरचा | सोमवार, सकाळी ८.०२

मॅडम, शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर आम्ही बारावीला दोनदा बसलो नसतो 🙏

चाकोरीबाहेर | सोमवार, दुपारी १.२०

मोजपट्टी मॅडम, धन्यवाद. पाटाकमान दादा, लिफ्टचं ऐकून जरा डोक्याला हात लावला. पण निदान चाकाच्या कमानीत जागा तरी झाली ना? काल मोजली, टायर आणि मडगार्डमध्ये आडवा तळहात आरामात जातो. मग २६५ का बसू नये?

पाटाकमान | सोमवार, रात्री ९.४५

इथंच सगळी फसत्यात. गाडी उभी असताना तळहात जातोय. पण चाक खड्ड्यातनं वर आलं, स्प्रिंग पूर्ण दबली, की चाक कुठवर येणार? तिथला रबरी ठोकळा, ज्याला बंपस्टॉप म्हणत्यात, तो अडवंल तिथवर. तो ठोकळा कंपनीनं बसवला तिथंच हाय का खाली घेतलाय? खाली घेतला नसंल तर चाक पूर्ण दबल्यावर जुन्याच जागी जाणार. म्हणजे लिफ्टनं झालेली जागा फक्त पार्किंगमध्ये हाय.

त्यात स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असलं तर टायरचा कोपरा पुढं बंपरला आणि मागं मडगार्डच्या शिवणीला जातो. सपाटीवर कायबी घासत न्हाई. घासतंय ते पाणंदीत, एक चाक बांधावर आणि स्टेअरिंग कापलेलं असताना. आणि तिथंच तू एकटा असतोयस.

तिलारीकर | सोमवार, रात्री ११.१०

चंदगडहून नमस्कार. रुंदीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे तांबडी माती. पावसाळ्यात वरचा थर लोण्यासारखा, पण वीतभर खाली जांभा किंवा मुरूम. इथं अरुंद टायर सुरीसारखा चिखल कापून खाली टणक जागेवर उभा राहतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि आडवा सरकतो. माझ्या गाडीवर एक हंगाम रुंद टायर होते. कोदाळीच्या उतारावर स्टेअरिंग सरळ, ब्रेकवर पाय, आणि गाडी आपली शांतपणे गटाराकडं. आवाज नाही, काही नाही.

याउलट नदीकाठची काळी माती, जिथं चिखलाला तळच नाही, तिथं रुंद टायर बरा, तो बुडत नाही. पण काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घालायचीच कशाला? तिथं बैल पण विचार करतो.

साळवणकडचं रान मला तांबड्यातलंच वाटतं. तिथं उंची घ्या, रुंदी नको.

चाकोरीबाहेर | मंगळवार, सकाळी ७.५०

तांबडंच आहे, बरोबर. पाणंदीत वीतभर खाली मुरूम लागतो, मामानं पूर्वी टाकून घेतलेला.

गावभागातला | मंगळवार, सकाळी १०.०५

कशाला एवढा काथ्याकूट? एमटी टायर घाला, दातेरी, कुठंही जाईल. मी मसाई पठारावर पावसात नेलीय.

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी ३.३०

पठारावर नेलीत याचं कौतुक नको. पावसाळ्यात तिथं जी बारकी फुलं येतात ती वीतभरही नसलेल्या मातीत येतात, आणि तुमच्या दातांच्या खुणा पुढच्या वर्षीही दिसतात. चाकं पाणंदीसाठी असतात.

एमटीचं म्हणाल तर धागाकर्त्याचं नव्वद टक्के ड्रायव्हिंग डांबरी आहे. एमटीचे ठोकळे मोठे आणि विरळ, चिखल झटकायला उत्तम, पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं. जुलैमध्ये करूळ घाटाच्या वळणावर ब्रेक मारताना त्याची आठवण येते. शिवाय हायवेला सत्तरच्या पुढं असा आवाज, की शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही. एटी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारा टायर, पुरेसा आहे.

गावभागातला | मंगळवार, दुपारी ३.५०

शेजारी बायको बसते. आवाज चालतो.

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी ३.५२

त्यांना विचारलंत का?

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ८.४०

मी मशीनशॉपवाला, गाड्यांचा नाद जुना. तीन गोष्टी राहिल्यात.

वजन. मागच्या वर्षी मित्राच्या गाडीचं २३५ चं जुनं चाक आणि २६५/७५ चं नवं एलटी (लाइट ट्रकच्या दर्जाचं, जड) चाक, दोन्ही डिस्कसकट, गुऱ्हाळाच्या काट्यावर टाकलं, जिथं गुळाच्या ढेपा मोजतात. जुनं २६ किलो, नवं ३५. एका चाकाला नऊ किलो, आणि हे वजन स्प्रिंगच्या वर नाही, खाली आहे. गाडी खड्ड्यात उड्या मारते, ब्रेक उशिरा लागतो, बेअरिंग लवकर जातं. पाचवं चाक मागच्या दाराला टांगायचं असेल तर बिजागरी आधी बघा. त्याचं दार सहा महिन्यांत खाली बसलं, आता लाथ मारून लावतो.

डिस्क. टायर बाहेर काढण्यासाठी कमी ऑफसेटच्या डिस्क घालू नका. चाक बाहेर आलं की आतली घासाघीस थांबते, पण मडगार्डला बाहेरून लागतं, हबवरचा भार वाढतो आणि स्टेअरिंग हाताला ओढतं. डिस्कवर रुंदी कोरलेली असते ती वाचा. २८५ ला किमान साडेसात इंच रुंदीची डिस्क लागते, म्हणजे तो खर्च वेगळा.

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलच आहे. उद्या अपघात झाला की विम्याचा माणूस आधी टायरवरचं माप वाचतो. उंचीत तीन टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. २४५/७५ सुद्धा त्याच्या थोडा बाहेर जातो, हे माहीत असू दे. २८५ घालून आरटीओसमोरून जायचं तर गाडी नाही, छाती उंच लागते.

पाटाकमान | मंगळवार, रात्री ९.०५

चौथं मी घालतो. पाचही टायर एकाच मापाचं. पुढं नवं मागं जुनं असली काटकसर फोर बाय फोरला चालत न्हाई. ह्या गाडीत फोर बाय फोर टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातोय. चाकं वेगवेगळी फिरली की ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर. ते खोललं की खिसा पण खोलायचा.

आणि रविवारी मोकळा हाईस का? माझ्याकडं २६५/७५ चं एक चाक पडून हाय, तुझ्याच डिस्कचं. घेऊन येतो. बोलून काय कळत न्हाई, बसवून बघू.

चाकोरीबाहेर | मंगळवार, रात्री ९.०८

दादा, या. मामी तांबड्या-पांढऱ्याचा बेत करते.

फडावरचा | मंगळवार, रात्री ९.०९

पत्ता टाका. मी पण चाक घेऊन येतो 😄

चाकोरीबाहेर | पुढचा रविवार, रात्री १०.२०

आलो रे परत. सगळं सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

सकाळी जाताना बापट कॅम्पातून शाडूचा गोळा घेतला. मूर्तिकाराला वाटलं घरी गणपती करतोय, इतक्या लवकर म्हणून कौतुकानं बघत होता. कल्पना उद्यमनगरींची, त्यांनी निरोपात सांगितलेली: चाकाच्या कमानीत, बंपरच्या कोपऱ्यात, मागच्या शिवणीला, आत चॅसीच्या बाजूला अंगठ्याएवढ्या शाडूच्या गोळ्या चिकटवायच्या. टायर कुठं किती जवळ येतो ते गोळीच सांगते.

पुढं उजवीकडं २६५ चं चाक चढवलं. सपाटीवर दोन्हीकडं स्टेअरिंग पूर्ण कापलं. गोळ्या जशाच्या तशा. मी खूश. दादा काहीच बोलले नाहीत, गाडी बांधाकडं घ्यायला सांगितली. पुढचं उजवं चाक बांधावर, मागचं डावं दुसऱ्या बाजूच्या उंचवट्यावर, म्हणजे पुढचं चाक जेवढं दबेल तेवढं दबलं. आता स्टेअरिंग डावीकडं कापून हळू मागं घेतली. खर्रर्र. मागच्या शिवणीवरच्या गोळीचा पापड झाला होता, त्यावर टायरची नक्षी उमटलेली, आणि पत्र्याचा रंग गेलेला. बंपरच्या कोपऱ्यातली गोळी तर सापडलीच नाही. मामाचं कुत्रं ती हुंगताना दिसलं.

२८५ चा विषय तिथंच संपला. फडावरचा साक्षीदार आहे.

पण खरी गोष्ट पुढं. दादा गाडीखाली बॅटरी घेऊन गेले आणि दहा मिनिटं बाहेरच येईनात. पुढचे टॉर्शन बार इतके आवळलेत की गाडी उभी असतानाच पुढचं सस्पेन्शन चाकाचं खाली जाणं अडवणाऱ्या ठोकळ्याला जवळपास टेकलेलं. चाकाला खाली जायला जागाच नाही. स्पीड ब्रेकर उतरताना पुढून जो 'धप्' आवाज येतो, ज्याला मी तीन महिने "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणत होतो, तो हाच. एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरतायत आणि उजव्या बाजूचं रबर फाटून ग्रीस बाहेर उडालेलं. पाणंदीत वळताना एक चाक हवेत राहायचं तेही यामुळंच. मी समजायचो गाडीच बंडखोर आहे.

म्हणजे टायर विचारायला आलो आणि रोग लिफ्टचा निघाला.

पाटाकमान | पुढचा रविवार, रात्री १०.४५

रस्सा एक नंबर हुता, मामींना सांग.

बाकीच्यांसाठी: टॉर्शन बार आवळला म्हणजे गाडी उचलली असं न्हाई. स्प्रिंग तीच राहत्या, फक्त चाक खाली ढकललं जातंय. तेवढीच खाली जायची वाट कमी. पुढनं इंचभर उतरवून घे, रबर बदल, मग अलाइनमेंट. ह्याच क्रमानं. अलाइनमेंट आधी केलीस तर पैसे पाण्यात.

चाकोरीबाहेर | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११.००

शेवटचा अहवाल.

पुढून साधारण इंचभर उतरवली. रबर बदललं. मागचे शॅकल काढून कंपनीच्या मापाचे लावले, पाटे मात्र कमानवाल्याकडून नव्यानं ताव देऊन घेतले, बसलेले होते. टायर २४५/७५ आर १६, एटी, पाच नग. हे माप २०२० च्या नव्या थारच्या एका प्रकारावर कंपनीतूनच येत असल्यानं मिळायला अडचण नाही. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिल्या दुकानात "ताजा माल" म्हणून जे दाखवले ते तीन वर्षांपूर्वीचे निघाले. दुसरीकडून घेतले.

शाडूची परीक्षा पुन्हा दिली. तोच बांध, तेच स्टेअरिंग. शिवणीवरची गोळी जरा चपटी झाली, पण पत्रा वाचला.

मीटरचं एक नवल. जुन्या टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा मोबाइलच्या जीपीएसवर ७६ दिसायचं. आता काटा ८०, मोबाइलही ८०. मुळात मीटरच थोडं वाढवून सांगत होतं, टायरनं ते खरं केलं.

हवेबद्दल सावध राहा. हे एलटी टायर आहेत, भिंत जाड. पंपावरच्या पोरानं टायरवर लिहिलेला कमाल आकडा वाचला आणि विचारता विचारता ५० भरली. घरापर्यंत मणका मोजत आलो. मग टायरवर आडवी खडूची रेघ मारून सरळ पन्नासेक मीटर चालवली. मधलीच पुसली गेली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. ३० वर रेघ सगळीकडं सारखी पुसली. पाणंदीच्या तोंडाशी २० करतो, बाहेर आलं की परत भरतो, छोटा कॉम्प्रेसर घेतलाय.

परवा पाऊस चांगला झाल्यावर गेलो. मधला उंचवटा अजून आहे, पण या खेपेला गोळ्यानं रेघ ओढली नाही. एका ठिकाणी नुसतं गवत घासल्याचा आवाज आला. एकोणीस मिलिमीटर म्हणजे किती, तर तेवढं.

वडिलांनी गाडी बघितली. म्हणाले, "ठेंगणी झाली का रे?"

तिलारीकर | शनिवार, सकाळी ६.५५

उत्तम. आता घाटात चढाला गिअर कसा वाटतो ते सांगा.

चाकोरीबाहेर | शनिवार, सकाळी ८.३०

करूळला एका वळणावर तिसरा टाकावा लागला, जिथं पूर्वी चौथा चालायचा. बाकी फरक जाणवला नाही.

फडावरचा | शनिवार, सकाळी ८.४१

जुन्या चार टायरी काय केल्यास? आमच्या टायरगाडीला बसतील का बघतो.

चाकोरीबाहेर | शनिवार, सकाळी ८.४४

त्या गुळगुळीत आहेत, बैल घसरेल. आणि चार नाहीत, तीन उरल्यात. एक मामीनं परड्यात नेलाय, त्यात अळू लावलंय.